फेरी की रेल्वे? बेळगावातनं गोव्याला दोन दिवस

बेळगावच्या माणसाला गोव्याला जायला कारण लागत नाही. सकाळी कुणीतरी म्हणतं चला, की गाडी काढायची, जांबोटी-कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा, जेवायला पणजीत. त्यामुळं दसऱ्याच्या सुट्टीत दोन दिवस बाहेर पडायचं ठरलं तेव्हा कुठं जायचं यावर आमच्यात एक मिनिट पण वाद झाला नाही. वाद झाला तो कसं जायचं यावर, आणि तो गणपतीच्या आधीपासनं चालू होता.

ह्यांचं म्हणणं, चोर्ला नको, ते दर वेळचंच आहे, आपण वेंगुर्ला रोडनं जाऊ, आंबोली उतरून सावंतवाडी, मग शिरोडा, रेडी, आणि तेरेखोलला गाडी फेरीबोटीत चढवायची, नदी ओलांडून केरीला उतरायचं की आलंच गोवा. कुणीतरी ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता, तेव्हापासनं डोक्यात फेरीच. पोरगं सातवीत, त्याला रेल्वे पाहिजे, दूधसागर बघायचा, वर्गातली अर्धी पोरं बघून आली म्हणे. आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई (आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात), त्यांचे वडील रेल्वेत गँगमन होते, लहानपण सगळं लोंढ्याच्या क्वार्टरमध्ये गेलेलं. त्या बोलल्या काहीच नाहीत, नुसत्या उठून नातवाशेजारी जाऊन बसल्या, तेवढ्यात कळलं मत कुणाला ते.

तिकिटं, हॉटेल, डबे, आत्यांच्या गोळ्या हे सगळं माझ्याकडं, त्यामुळं शेवटी चालणार माझंच होतं, पण आधी बघायला नको का काय जमतंय ते.

पहिल्यांदा रेल्वे बघितली. दिल्लीहून वास्कोला जाणारी गोवा एक्सप्रेस पुणे-मिरज करत बेळगावात येते ती मध्यरात्र उलटल्यावर. म्हणजे झोपेतनं उठून पोरं-बॅगा घेऊन स्टेशन गाठायचं, आणि लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर सगळं मिट्ट काळोखात निघून जाणार, उजाडायच्या आधी मडगाव. दूधसागरासाठी रेल्वे आणि दूधसागरच दिसणार नाही, हे काय कामाचं? आठवड्यातनं एकदा जाणारी पूर्णा एक्सप्रेस आहे पण तिचा वार काही आमच्या सुट्टीशी जुळेना. मात्र उलट्या बाजूची गोवा एक्सप्रेस वास्कोहून दुपारी तीनच्या सुमारास सुटते, म्हणजे घाट चढते ती चांगल्या उजेडात. बेळगावच्या बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं, जायचं तिकीट काढतात आणि मग दिसलं काहीच नाही म्हणून रेल्वेला शिव्या देत बसतात. जायला नाही, यायला रेल्वे. इथपर्यंत ठीक.

आता ह्यांची फेरी. जाताना फेरी आणि येताना रेल्वे हे ऐकायला किती छान वाटतं, पण गाडी घेऊन फेरीत गेलं तर ती गाडी गोव्यात राहणार, तिला परत आणणार कोण? हे म्हणाले, मी आणतो की गाडी, तुम्ही या रेल्वेनं. म्हणजे घरच्या सहलीत ह्यांनी एकटं अनमोड घाट चढायचा आणि आम्ही दूधसागर बघायचा. आत्यांना ते पटेना. शेवटी मीच म्हटलं, गाडी घरातच ठेवा. चालत फेरीत चढलं म्हणून फेरी काय कमी होते का? सावंतवाडीपर्यंत एसटी, पुढं मिळेल ते, पलीकडं गोव्याच्या बसा आहेतच, आणि दुसऱ्या दिवशी मडगावातनं रेल्वे. हे दोन दिवस गप्प होते, तिसऱ्या दिवशी म्हणाले बरं.

रेल्वेचं बुकिंग आता साठच दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ च्या आधी एकशेवीस दिवस होते. दसऱ्याचे दिवस म्हणून मी आधीच तारीख धरून बसले होते, भांडण मिटायच्या आधीच चार स्लीपर काढून ठेवली, कारण रेल्वे कुठल्यातरी एका बाजूला लागणार हे मला दिसत होतं. हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं, इथं पहिल्यांदाच लिहितेय. एसीचा डबा मुद्दाम नाही घेतला. दूधसागर बंद काचेतनं बघायचा असेल तर यूट्यूब काय वाईट आहे, स्लीपरच्या उघड्या खिडकीत तुषार तोंडावर येतात त्याचेच पैसे आहेत.

बसचा तर वेगळाच हिशेब निघाला. कर्नाटकच्या साध्या बसमध्ये आम्हा बायकांना जून २०२३ पासनं शक्ती योजनेत तिकीट नाही, आणि महाराष्ट्राच्या एसटीत त्याच वर्षीच्या मार्चपासनं बायकांना अर्धं तिकीट. आत्यांनी लगेच सुचवलं की बाचीपर्यंत आपल्या बसनं फुकट जाऊ, शिनोळीत महाराष्ट्र लागला की एसटीत अर्ध्यात बसू. सीमाभागात राहून एवढं पण करायचं नाही तर मग काय फायदा, असं त्यांचं म्हणणं, आणि मला खरं सांगायचं तर पटत होतं. पण बॅगा घेऊन मधी उतरून रस्त्यात उभं राहायचं म्हणून हे डोक्याला हात लावून बसले, मग बेळगाव बसस्टँडवरनं सरळ एसटीच पकडली. एक मात्र आहे, एसटीचं ठरवलं तर आदल्या दिवशी बातम्या बघून ठेवाव्यात. सीमेवर काही पेटलं की सगळ्यात आधी दोन्हीकडच्या बसा थांबतात, हे आपल्याला काही नवीन नाही.

जाता जाता एक. फेरी की रेल्वे हे आमच्याच घरातलं भांडण असं मला वाटत होतं, पण बेळगावात ते जुनंच आहे. वेंगुर्ला रोड ह्या नावाचा आपण कधी विचार करत नाही. इंग्रजांच्या काळात बेळगावचं बंदर म्हणजे वेंगुर्लं, छावणीचा माल बोटीनं तिथं उतरायचा आणि आंबोलीच्या घाटानं वर यायचा, आणि इकडचा कापूस त्याच रस्त्यानं खाली जायचा. मग १८८० च्या दशकाच्या शेवटी मुरगाव बंदरातनं दूधसागरचा घाट चढून रेल्वे वर आली, माल तिकडं वळला आणि वेंगुर्लं मागं पडलं. म्हणजे त्या वेळी बोट हरली होती. हे मी ह्यांना सांगितलं, त्यांना काही ते आवडलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकादशीला, सकाळी सातच्या सुमारास निघालो. एकादशीला उपास धरून गोव्याला निघणाऱ्या बाई म्हणजे आमच्या आत्याच. राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले शेंगदाणे, केळी अशी एक पिशवी त्यांच्या मांडीवरच होती. हिंडलगा, बाची, शिनोळी, पाटणे फाटा, आंबोलीत धुकं आणि पावसाची बारीक भुरभुर. घाट उतरून दाणोली आली की हवा एकदम चिकट होते, स्वेटर पिशवीत जातात. सावंतवाडीत मोती तलावाच्या कडेला चहा झाला, मग शिरोड्याची बस, तिथनं रेडी. रेडीला गणपती बघितला, १९७६ साली खाणीत सापडलेली दोन हातांची मोठी मूर्ती आहे, लांबनं बघितलं तरी भव्य वाटते. तिथनं रिक्षा केली तेरेखोलच्या धक्क्यापर्यंत.

आणि धक्क्यावर पोचलो तर फेरी नाही. म्हणजे फेरीबोट होती, पण पलीकडच्या काठाला उभी. ओहोटी होती. तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथं तोंडाशी वाळू साठते, पाणी उतरलं की सपाट बुडाची बोट पण तळाला लागते, मग पाणी चढेपर्यंत थांबायचं. ह्यांच्या व्हिडिओत हे नव्हतं. दोनच वाजत होते, ऊन चांगलंच होतं आणि पोरगं माझ्याकडं असं बघत होतं की रेल्वेनं आलो असतो तर.

तिथं एक म्हातारे जाळं दुरुस्त करत बसले होते. नायलॉनचा धागा पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणून धरलेला, हातात सुई, आणि आमच्याकडं न बघताच ते म्हणाले, आज एकादस ना? मग अकराची पाऊणपट करा. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला भरती झाली, त्यात सहा तास मिळवा, सव्वादोनला पुरी सुकती. आता पाणी फिरेल, चार वाजता बोट येईल. एवढं सांगून परत गाठ मारायला लागले. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास येते आणि अष्टमीला सहाच्या, मिनिटाचा मेळ बसत नाही पण अंदाजाला पुरतं. आत्यांना हे भलतंच आवडलं. आयुष्यभर उपासासाठी तिथ्या बघितलेल्या बाईला कळलं की त्या तिथीवर समुद्राचं पण वेळापत्रक चालतं. त्यांनी तिथंच बोटावर दशमी, द्वादशी, त्रयोदशी सगळ्याच्या भरत्या काढल्या.

मधल्या वेळात तेरेखोलच्या किल्ल्यापर्यंत जाऊन आलो. हे ठिकाण नकाशावर बघायला गंमत आहे, नदीच्या महाराष्ट्राच्या बाजूला आहे पण गोव्याचं. सावंतवाडीच्या खेमसावंतांनी बांधलेला किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला तो शेवटपर्यंत सोडला नाही, म्हणून आज सुद्धा हा एवढा तुकडा गोव्यात मोडतो. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी इथं तिरंगा लावला होता. आपण बेळगावची माणसं, कुठला तुकडा कुठल्या राज्यात का गेला हे ऐकलं की आमचे कान लगेच उभे राहतात, हे रिक्षावाल्याशी त्यावर अर्धा तास बोलत होते. तो शेवटी म्हणाला रेशन मिळतंय ना, मग झालं.

चारला बोट आली. इथं मात्र ह्यांचं म्हणणं मला मानायलाच लागलं. बोट म्हणजे काय, एक लांबट लोखंडी तबकच, दोन्हीकडं उघडं. काठ जवळ आला की पुढची लोखंडी फळी साखळीनं खाली सोडतात, ती काँक्रीटच्या उतारावर अशी खरडते की दातांतनं कळ जाते, आणि ती नीट टेकायच्या आतच चार स्कूटरवाले वर. मग गाड्या, मग आम्ही पायी. कडेनं बसायला बाकडी आहेत पण कुणी बसत नाही, सगळे कठड्याला. एका पोऱ्यानं दोर खुंटीवरनं नुसत्या मनगटाच्या झटक्यानं सोडवला, माझ्या पोरानं तो झटका घरी येईपर्यंत करून बघितला. डिझेलचा वास, पायाखाली सगळा पत्रा थरथरतोय, डावीकडं नदी, उजवीकडं समुद्र, आणि पाच-सात मिनिटांत केरी. आमच्याकडं कुणी पैसे पण मागितले नाहीत. ह्यांनी केरीतनं भावाला फोन केला पोचलो म्हणून, तर तो म्हणे मग उशीर का झाला एवढा, चोर्ल्यात ट्रॅफिक होतं का? कारण घाटाखाली सत्तरीत पण एक केरी आहे, आमच्या सगळ्यांना तेवढंच माहीत.

पुढं म्हापसा, पणजी बसनं, त्यात सांगण्यासारखं काही नाही, गर्दी होती. रात्री ह्यांनी मासे खाल्ले, आत्यांच्या समोर नको म्हणून लांबच्या टेबलावर बसून, आत्यांनी बघितलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेळ होता म्हणून जुन्या गोव्यातनं दिवाडी बेटाची फेरी केली. ही मांडवीवरची, नदीच्या आत आहे, त्यामुळं तेरेखोलसारखं वाळूत अडकायचं दुखणं आम्हाला तरी दिसलं नाही, एक बोट इकडनं निघते तर दुसरी तिकडनं. ज्यांना फेरीची नुसती हौस आहे त्यांनी खुशाल हीच करावी, तेवढ्यासाठी तेरेखोलला जायची गरज नाही. आत्या कठड्याला धरून पाणी बघत होत्या, मी म्हटलं आत्या, हे आपल्या खानापूरचंच पाणी. म्हादई उगवते भीमगडच्या जंगलात देगावजवळ, गोव्यात उतरून मांडवी होते, आणि त्याच पाण्यावरनं दोन राज्यं किती वर्षं कोर्टात भांडतायत. त्या म्हणाल्या मग बेळगावात नळाला आठ-आठ दिवसांनी का येतंय? याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

दुपारी मडगाव स्टेशन. गाडी आली, जागा नीट मिळाल्या, पण स्लीपरमध्ये दिवसा कोण कुठं बसतं याला काही अर्थ नसतो. दिल्लीपर्यंत जाणारे लोक आधीच चादरी टाकून आडवे, आम्ही चौघं खालच्या सीटवर दाटीवाटीनं. सावर्डेपर्यंत नुसती भातशेती. कुळ्याला गाडी थांबते आणि तिथं मागनं जास्तीची इंजिनं जोडतात, बँकर म्हणतात त्याला. घाट एकाला सदतीस चढाचा आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढं गेलं की एक मीटर वर, रेल्वेच्या मानानं भयंकर चढ, पुढचं इंजिन एकटं नेऊच शकत नाही. जोडताना एक हिसका बसतो आणि सगळ्या डब्यात चहा सांडतो. ज्यांना माहीत आहे ते आधीच कप हातात धरतात. आत्यांनी धरला होता.

मग गाडी रेंगाळत चढायला लागते. बोगदा, उजेड, बोगदा, उजेड, मोबाईलची रेंज गेलेली, त्यामुळं डब्यातली माणसं पहिल्यांदाच एकमेकांकडं बघतात. सोनावळी सोडलं की सगळे उठून खिडक्यांना. पोलीस दारातनं लोकांना आत ढकलत होते, आणि बरोबरच आहे, रुळावरनं चालत धबधबा बघायला जाणाऱ्यांचा तिथं इतका सुळसुळाट झाला की जुलै २०२३ मध्ये पोलिसांनी त्यांना रुळाशेजारी कान धरून उठाबशा काढायला लावल्या, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल. तिथं उतरायला आता मनाई आहे, फक्त गाडीतनं बघायचं. आणि मग तो येतो. तीनशे मीटरच्या वर उंची, गाडी पुलावरनं त्याच्या मधनं जाते, म्हणजे वरनं येणारं पाणी एका बाजूला आणि तेच पाणी पुलाखालनं उडी मारून दुसऱ्या बाजूला. आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. माझा चष्मा ओला, पोराचा मोबाईल ओला, वरच्या बर्थवर झोपलेल्या फौजीची चादर ओली, तो उठला, बघितलं, परत झोपला. मिनिटभर असेल नसेल, लगेच बोगदा.

खरं सांगते, त्या मिनिटापेक्षा मला पुढचं कॅसलरॉक जास्त लक्षात राहिलं. आत्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. पोर्तुगीजांच्या वेळी हे आपल्या बाजूचं शेवटचं स्टेशन, इथं कस्टमवाले सामान उघडून बघायचे, तिकडं कुळ्याला पोर्तुगीजांचं नाकं. १९६१ च्या डिसेंबरात गोवा सुटला तेव्हा आत्या पाच-सहा वर्षांच्या. त्यांना आठवतंय ते छोट्या लाईनचं इंजिन, वडिलांचा हिरवा-लाल कंदील, आणि पावसाळ्यात दरड आली की वडील चार-चार दिवस घाटातच. नव्वदच्या दशकात लाईन मोठी झाली, ते इंजिन गेलं, पण डोंगर तोच आहे आणि दरडी पण येतातच. त्यांनी प्लॅटफॉर्मवरच्या एका कर्मचाऱ्याला विचारलं, गँगमनची क्वार्टर्स कुठली हो? त्यानं कानडीत उत्तर दिलं, आत्यांनी कानडीतच पुढं विचारलं, गाडी सुटेपर्यंत दोघं बोलत होते. काय बोलले ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही.

लोंढ्यापर्यंत अंधार पडला. खानापूर, देसूर, मग तिसरं गेट, दुसरं गेट, आणि बेळगाव. वेळेच्या फार मागं नव्हती.

आता निपाणीहून नणंदेचा फोन, आम्हाला पण सांगा कसं करायचं, नाताळच्या सुट्टीत जायचंय. निपाणीत रेल्वेच नाही, म्हणजे तिला आधी बेळगाव गाठायचं, त्यात मामांचे, म्हणजे तिच्या सासऱ्यांचे, गुडघे दुखतात, रेडीच्या बसा बदलणं त्यांना झेपणार नाही. शिवाय डिसेंबरअखेर दूधसागर बराच बारीक झालेला असतो, आणि त्या दिवसांत गाडीला गर्दी मरणाची. म्हणून तिला मी सरळ सांगितलं, रेल्वे पुढच्या पावसाळ्यानंतर करा, आता गाडी घ्या, आंबोलीनं उतरा, तेरेखोलला फेरीत चढवा आणि येताना अनमोड. फक्त तारीख ठरवायच्या आधी आत्यांना फोन करा, तिथी बघून कुठल्या वेळेला धक्क्यावर पोचायचं ते त्या सांगतील, आजकाल त्या ते कुणाला पण सांगतायत.